अठरा काजं आणि एक मत

आमच्या घरात मतांचा तुटवडा कधी पडला नाही. साखर संपायची, साबण संपायचा, नळाचं पाणी जायचं, पण मतं मात्र शेजारीपाजारी वाटून वर उरायची. माझे धाकटे दीर तर झोपेतसुद्धा मत द्यायचे. एकदा दुपारी आडवे झाले होते, घोरता घोरता एकदम म्हणाले, "माझं प्रांजळ मत असं आहे..." आणि कूस बदलली. आम्ही चौघं अर्धा तास कान टवकारून बसलो. पुढचं काही आलं नाही. उठल्यावर विचारलं तर म्हणाले, "काय ते आठवत नाही, पण मी त्यावर ठाम आहे."

या भाऊजींचं प्रत्येक बोलणं असंच सुरू व्हायचं. "माझं प्रांजळ मत असं आहे, की बाहेर पाऊस पडतोय." अहो, बाहेर पाऊस पडत असेल तर त्यात तुमचं मत काय करतंय? पण नाही. आणि "तुझं मत काय?" असं आमच्याकडे कोणी विचारलं, की समजायचं, त्याचं सगळं ठरलेलं आहे, आता फक्त मान डोलवायला माणूस हवंय. मी नाही हो त्यातली. मी कधी मत देत नाही. जे खरं असतं तेवढंच सांगते.

अशा या घरात एकच माणूस बिनमताचं होतं. भाऊजींची बायको, माझी जाऊ. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. आता तिला नातवंडं झाली तरी धाकटीच. भाजी कुठली करू? "तुम्ही म्हणाल ती." पडदे निळे की हिरवे? "यांना विचारा." पाय दुखतोय का गं? तर आधी नवऱ्याकडे बघायची, मग म्हणायची, "दुखत असेल."

तिने आयुष्यात एकदाच मत दिलं होतं. लग्न होऊन आठ दिवस झाले असतील. खोलीत कपाट लावत होते. ही दारातून हळूच म्हणाली, "ते त्या भिंतीला लावलं तर?" भाऊजी म्हणाले, "माझं प्रांजळ मत..." आणि कपाट या भिंतीला लागलं. त्या दिवसापासून कपाटाचं दार पलंगाला आपटतं. अर्धंच उघडतं. आम्ही सगळे एक खांदा आत घालून, पोट आत ओढून कपडे काढायला शिकलो. माझा पुतण्या त्या फटीतून कपडे काढत काढत लहानाचा मोठा झाला. अजून कुठल्याही दारातून आडवाच शिरतो, सताड उघडं असलं तरी. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

पण हीच धाकटी एका कामात अशी होती, की तिच्यासारखी दुसरी होणे नाही. काज. कोटाला बटण लावतात ना, त्या बटणाचं घर. चौकातल्या शिंप्याच्या दुकानात ती बावीस वर्षं हाताने काजं करत होती. त्या शिंप्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं. मास्तर खडूने खुणा करणार, ही काज कापणार, कडेने दोरा फिरवणार. टाका इतका बारीक, की मुंगीसुद्धा आत शिरायच्या आधी पाय पुसत असेल. एका नवरदेवाचा कोट तिने असा केला होता, की त्याने तो अंगात घातला आणि बटणं आपली आपण लागली. वरपासून खालपर्यंत, टक टक टक. संध्याकाळी काढायला मात्र दोन माणसं लागली.

दुकानात खिडकीपाशी तिची खुर्ची होती. लाकडी, बिनहाताची, पाठीला गोधडीचा तुकडा बांधलेली. घरात तिला स्वतःचं असं काही नव्हतं, कपाटसुद्धा अर्धंच उघडणारं. पण ती खुर्ची तिची. गिऱ्हाइकं आली आणि बसायला जागा नसली, तरी मास्तर म्हणायचे, "तिथे नाही, ती काजवालीची."

मग तिचे डोळे अधू व्हायला लागले.

आधी सुई हातभर लांब धरायला लागली. मग हात पुरेना. शेवटी सुई खिडकीच्या गजात खोचून, चार पावलं मागे जाऊन दोरा ओवायला धावत यायची म्हणे. हे मी पाहिलेलं नाही, पण तिला ओळखते, करत असणार. एक दिवस मास्तरांनी काज बघितलं आणि म्हणाले, "काजवाली, हे काज आहे का जांभई?" त्यांनी तिला चष्म्याला पाठवलं.

चष्म्याच्या दुकानात आम्ही पाच जणं गेलो. धाकटी, भाऊजी, पुतण्या, त्याची बायको आणि मी. घरातल्या माणसाचे डोळे म्हणजे घरचाच मामला. मला स्वतःला तर काही गरज नव्हती, माझे डोळे घारीचे. पण घरात एक तरी डोळस माणूस सोबत नको का?

चष्मेवाला किडकिडीत, हळू बोलणारा. त्याने धाकटीच्या नाकावर एक जड लोखंडी चौकट चढवली, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. चौकटीत एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"काकू, हे बरं, का हे बरं?"

धाकटी तक्त्याकडे बघत राहिली.

"पहिलं बरं होतं, का आताचं?"

तिने चौकटीसकट मान वळवली आणि नवऱ्याला विचारलं, "काय हो?"

"दुसरं," भाऊजी म्हणाले. "माझं प्रांजळ मत आहे, दुसऱ्यात ती जास्त उजळ दिसते."

"काका, त्या कशा दिसतात ते नाही," चष्मेवाला म्हणाला. "त्यांना कसं दिसतं ते हवंय."

"एकच झालं. चाळीस वर्षं बघतोय मी तिला."

पुतण्या म्हणाला पहिलं. सून म्हणाली तिसरं, तिसरं अजून दाखवलंच नव्हतं तरी. मी म्हटलं, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधलं काही असेल तर ते द्या. तेवढ्यात बाकावर बसलेला एक गृहस्थ, जो बिचारा चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला आला होता, तो म्हणाला, "माझं विचाराल तर दुसरं." कोणी विचारलं नव्हतं. पण भाऊजींना जोर चढला. "बघा! बाहेरचा माणूस, त्याला काय पडलीय? तोही दुसरंच म्हणतो. पाचामुखी परमेश्वर!"

"परमेश्वर असेल हो, पण नंबर नसतो," चष्मेवाला म्हणाला.

दीड तास हेच चाललं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली आणि रांगेतलीही माणसं मतं द्यायला लागली. शेवटी चष्मेवाल्याने हात टेकले. बहुमताने जो नंबर निघाला तो लिहून घेतला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला तरी पटतंय ना?"

धाकटी म्हणाली, "सगळे म्हणतायत म्हणजे बरंच दिसत असणार."

चार दिवसांनी चष्मा आला. तिने घातला. आम्ही सगळे समोर उभे. "कसं दिसतंय?" भाऊजींनी विचारलं.

"छान," धाकटी खुंटीवरच्या छत्रीकडे बघून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दुकानात आक्रीत घडलं. एका वकिलाचा काळा कोट होता, पाच काजं. धाकटीने दिवसभर मान खाली घालून काम केलं. संध्याकाळी उठायला गेली तर कोटही तिच्याबरोबर उठला. पाची काजं तिने कोटाला आणि स्वतःच्या बाहीला मिळून घातली होती. टाका असा पक्का, की मास्तरांना उसवता येईना. ती तशीच घरी आली, वकिलाच्या कोटासकट. भाऊजी दारातच म्हणाले, "माझं प्रांजळ मत आहे, हा तुझ्या मापाचा नाही."

मी कात्री घेऊन बसले. सोडवता सोडवता विचारलं, "खरं सांग धाकटे, तुला त्यातून काय दिसतं?"

तिने इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, धुकं दिसतं. पण सगळ्यांनी एवढं मनापासून निवडलंय..."

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मास्तरांकडे गेले. दारातच म्हटलं, "मास्तर, बरे आहात ना?" उत्तर नाही. माणूस एवढा चिडलाय, की बोलतही नाही! मग मास्तर मागच्या खोलीतून आले. मी ज्याच्याशी बोलत होते तो खुंटीवरचा कोट होता. उजेडच कमी होता दुकानात.

मास्तर वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या हातात एक रंगीत कागद होता, त्यावर एका यंत्राचं चित्र. काजाचं मशीन. "बाई, खोटं कशाला बोलू," ते मला म्हणाले, "बावीस वर्षांचं नातं आहे. पण वकील मला कोर्टात ओढतो म्हणतोय. शनिवारी मशीनवाला येतोय. मी जागा दाखवली की मशीन आणून लावणार. आणि उजेडाची जागा एकच आहे." त्यांनी खिडकीकडे हात केला. खुर्चीकडे.

खुर्चीच्या पाठीच्या गोधडीची गाठ सुटली होती, ती धाकटी बांधत बसली.

"मशीन कसं आहे?" मी विचारलं.

"चोख. खूण कराल तिथे काज. ना हू ना चू. आपलं मत नाही त्याला."

"मग हिच्यात आणि त्याच्यात फरक काय?" माझ्या तोंडून गेलं.

गमतीत म्हटलं होतं मी. पण धाकटीचा हात गाठीवर तसाच थांबला.

मास्तर म्हणाले, "शनिवारी बँडमास्तरचा कोट द्यायचाय. दोन ओळी, नऊ नऊ, अठरा काजं. शुक्रवारी सकाळपर्यंत डोळे नीट करून आल्या तर कोट यांचा. नाहीतर मशीन."

मंगळवार होता. मी धाकटीला घरीसुद्धा नेलं नाही, थेट चष्म्याच्या दुकानात. चष्मेवाल्याने आम्हाला बघितलं, मग आमच्या मागे बघितलं.

"बाकीचे?"

"नाही आणले."

तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही एक काम करा." माझ्या हातात एक डबी दिली. "यातले स्क्रू मोठे आणि लहान वेगळे करा. जोखमीचं काम आहे. बोललं की चूक होते." तर मी कोपऱ्यात बसून तेवढे स्क्रू अगदी चोख वेगळे केले. नंतर त्याने दोन्ही ढीग परत डबीत का ओतले, ते मला अजून कळलेलं नाही.

इकडे धाकटीच्या नाकावर चौकट चढली.

"हे बरं, का हे बरं?"

धाकटीची मान सवयीने बाजूला वळली, पण तिथे भाऊजी नव्हते.

"काकू, मागच्या वेळी मीही हरलो, चूक माझीच. पण आता नाही. डोळा तुमचा आहे. आत बसून बघणारं दुसरं कोणी नाही. मी नाही, काका नाहीत. हे बरं, का हे?"

"तुम्ही शिकलेले आहात," धाकटी म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याचा चष्मा मी घातलाय की."

माझ्या जिभेच्या टोकावर "दुसरं" आलं होतं. शपथेवर सांगते, आयुष्यात इतका जोर मी बाळंतपणातही लावला नव्हता. एक स्क्रू दातात धरला आणि बसले.

धाकटीच्या चौकटीखालून पाणी ओघळलं. म्हणाली, "मला नाही हो जमत. बरं दिसणं म्हणजे काय तेच मला कळत नाही. मला मत नाही. पहिल्यापासूनच नाही."

चष्मेवाला खाली बसला, तिच्या समोरच, स्टुलावर. आणि तो असा वाकून बसल्यावर त्याचा कोट तिच्या नाकासमोर आला. धाकटीने डोळे पुसले, चौकट सारखी केली आणि थोडी पुढे झुकली.

"हे काज कोणी केलंय?"

"कुठलं?"

"तिसरं. वरून तिसरं."

"तयार कोट आहे. मशीनचं असेल. का?"

"काज आहे का उंदराने कुरतडलंय? दोरा बघा कसा, वर दाट, खाली विरळ. कोपऱ्याला तर टाकाच नाही. आणि इतकं मोठं कापलंय, की बटण दिवसातून चारदा बाहेर येत असणार."

"पाचदा," चष्मेवाला म्हणाला. तो जागचा उठला नाही की हलला नाही. हात लांब करून त्याने चौकटीतलं भिंग बदललं. "आता कसं आहे?"

"आता जास्तच वाईट आहे!"

"शाबास! म्हणजे भिंग बरं आहे." त्याने आणखी एक बदललं. "आता?"

"आता तेवढं वाईट नाही दिसत."

"मग हे नको." पुन्हा बदललं. "आता?"

"अगं बाई! खालचा दोरा तुटलेलाच आहे की! असा कोट घालून तुम्ही चार माणसांत बसता? लाज कशी वाटत नाही?"

"वाटते, काकू, आता वाटते," तो म्हणाला, आणि इतका खूश झालेला माणूस मी त्यानंतर बघितला नाही. "आणि म्हणे तुम्हाला मत नाही!"

"हे कुठे मत आहे?" धाकटी बुचकळ्यात पडली. "हे तर दिसतंच आहे."

"तेच तर मला मागच्या खेपेपासून हवंय."

अशा रीतीने तिचा नंबर निघाला. त्या कोटाच्या सगळ्या काजांची, मग कॉलरची, मग खिशाची अब्रू गेली आणि डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांचा हिशेब लागला. चष्मेवाल्याने चष्मा गुरुवारी संध्याकाळीच दिला. घरी कोणाला सांगितलं नाही. दोन्ही चष्मे दिसायला सारखेच, काळ्या काडीचे. भाऊजी म्हणाले, "बघ, सवय झाली ना माझ्या चष्म्याची? माझं प्रांजळ मत होतंच." धाकटीने त्यांच्याकडे नवीन चष्म्यातून नीट बघितलं. वरून खाली, खालून वर. मग म्हणाली, "तुम्ही केव्हापासून असे दिसता?" भाऊजी त्यावर जेवताना गप्प होते. ही गोष्ट मी वाढवून सांगत नाहीये. तेवढी एकच.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात गेली. मीही गेले, उगाच, गोधडी बांधायला. मास्तरांनी बँडमास्तरचा कोट तिच्या मांडीवर ठेवला. लाल भडक, जाड कापड, छातीवर पांढऱ्या खडूच्या दोन ओळी, नऊ नऊ खुणा. "खुणा मी स्वतः केल्यात," मास्तर म्हणाले. "तुम्ही फक्त खुणेवर कात्री लावा. मशीनने केलं असतं तसं. एवढं जमलं तर झालं."

धाकटीने कात्री उचलली. पहिली खूण बघितली, दुसरी बघितली. कोट गुडघ्यावर सरळ केला, पुन्हा बघितला. कात्री खाली ठेवली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

आता इथे एक ध्यानात घ्या. काज एकदा कापलं की कापलं. टाका उसवता येतो, भोक उसवता येत नाही. आणि मास्तरांच्या खुणेला चाळीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नव्हतं. गप्प बसून खुणेवर कात्री लावली असती, तर चूक मास्तरांची आणि खुर्ची धाकटीची. मी तिच्या जागी असते... नाही, मी बोललेच असते. पण शहाणं कोणी गप्प बसलं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "सातव्यापासून उजवी ओळ खाली उतरलीय."

मास्तरांचा चेहरा त्या कोटासारखा झाला. "काय?"

"एक चिमूट आहे. पण नवव्यापर्यंत बोटभर होते. बँडमास्तरने हात वर केला, की बटणं लंगड्या गोमेसारखी चालतील."

"बाई, तुम्ही चार दिवसांपूर्वी वकिलाला बाहीला शिवून घेऊन गेला होता."

"हो."

"आणि आता माझ्या खुणा चुकल्या असं तुमचं मत आहे?"

धाकटीने कोटाकडे बघितलं, मग खुर्चीच्या पायांकडे. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता म्हणणार, तुम्ही म्हणाल तसं. तिने तोंड उघडलंही. आणि म्हणाली, "मत नाही, मास्तर. दिसतंय मला."

मास्तरांनी गळ्यातला टेप असा ओढला, की स्वतःचाच गळा आवळला. डावी ओळ मोजली. उजवी मोजली. टेप डोळ्याजवळ नेला, मग लांब नेला, मग आणखी लांब नेला. हात पुरेना. मला ती हाताची लांबी ओळखीची वाटली. शेवटी त्यांनी टेप धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा."

तिने वाचला. खाली बोटभर फरक.

मास्तरांनी खडू घेतला, थोडा वेळ धरला, आणि तोही तिच्या हातात दिला. मग घसा खाकरून म्हणाले, "माझंही तेच मत होतं. तुमचं लक्ष आहे का, ते बघत होतो."

धाकटीने सातवी, आठवी, नववी खूण हाताने पुसली आणि नवी केली. मग दिवसभर ती खाली मान घालून बसली. अठरा काजं. मी मध्ये मध्ये बाही तपासत होते, मोकळीच होती.

शनिवारी बँडमास्तर आला, कोट घातला, हात वर केला. अठरा बटणं सैनिकांसारखी सरळ. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण त्याने हात वर करताच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांनी पाऊल मिळवलं. त्याच्या पाठोपाठ मशीनवाला आला, रंगीत कागद घेऊन. "मास्तर, जागा दाखवताय ना? कुठे लावायचं?"

मास्तर खिडकीकडे बघून म्हणाले, "जागा नाही."

"अहो, पण मशीन खुणेवर बरोब्बर..."

"तेच तर. खुणेवरच करतं ना ते?" मास्तरांनी त्याच्यापुरता चहा सांगितला आणि विषय मिटवला. मग धाकटीकडे वळून, उदार होऊन म्हणाले, "काजवाली, बसा आता. खुर्ची तुमचीच."

धाकटी बसली नाही.

"मास्तर, खुर्ची चार फरशा डावीकडे घ्यायला हवी. ऊन उजवीकडून येतं, माझ्याच हाताची सावली माझ्या कामावर पडते."

"केव्हापासून?"

"बावीस वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"आता तरी कुठे विचारलंय?"

"म्हणून तर मीच सांगतेय," धाकटी म्हणाली. मास्तरांनी स्वतः उचलून खुर्ची चार फरशा सरकवली. ती बसली. मग म्हणाली, "अजून एक." आणि तिने एक फरशी आणखी सरकवायला लावली. एवढंच खरं, की त्या पाचव्या फरशीची काही गरज नव्हती. उगाच, करून बघितलं असणार.

घरी आल्यावर कपाट गेलं त्या भिंतीला. दार सताड उघडलं. भाऊजींनी आत डोकावून बघितलं तर त्यांचे पंचवीस वर्षं हरवलेले शर्ट तिथे होते. "माझं प्रांजळ मत पहिल्यापासून हेच होतं," ते म्हणाले. धाकटी म्हणाली, "हो का? मग इतके दिवस कुठे ठेवलं होतं?"

मास्तर पुढच्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानात गेले. धाकटीला बरोबर चला म्हणत होते, हे बरं का ते, एवढं सांगण्यापुरतं. ती गेली नाही. "डोळे तुमचे," म्हणाली.

माझ्याबरोबर मात्र आली. मला गरज नव्हतीच, पण सगळ्यांनी फार आग्रह केला. एका कोटाशी मी तासभर बोलले होते अशी अफवा कोणीतरी उठवली होती. तासभर नाही, पाच मिनिटं. तर चष्मेवाल्याने धाकटीला बाहेर बाकावर बसवलं, मला आत. नाकावर ती लोखंडी चौकट चढवली. चांगलीच जड असते हो. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"मावशी, हे बरं, का हे बरं?"

आता मी कोण? या तोंडाने मी तीन लग्नं जुळवली, दोन मोडली, गल्लीतल्या दिव्याच्या खांबाची जागा बदलून घेतली. पण त्या चौकटीत डोळे अडकले, तो समोर उभा राहून वाट बघायला लागला, आणि माझ्या डोक्यात एकदम भांडं रिकामं. हे? का हे? दोन्हीकडे अक्षरं होती. दोन्हीकडे थोडी पुसट होती. कुठलं बरं, हे मी कसं सांगू?

मी चौकटीसकट दाराकडे मान वळवली. "अगं धाकटे, कुठलं बरं गं?"

बाहेरून आवाज आला, "मला नाही दिसत इथून, ताई. तुम्हीच बघा."